दर दोन तासांनी कूस

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाटाणे सोलणं. अर्धा किलो असतील. तिचं डावं अंग गेलेलं होतं, एका हातानं शेंग फुटायची नाही. म्हणून शेंग मी धरायची आणि तिनं उजव्या अंगठ्यानं शिरेवर दाबायचं. दाणे ताटात पाडायचं काम माझं, आणि एखादा खाली गेला की बोलायचं काम तिचं.

"मार्केटात पोती अशीच सांडत हुता का?"

"पोती सांडली असती तर मुकादमानं तीस वर्षं ठेवला असता का?"

"मग हितं बरं सांडता. बायको काय, कुटं जातीया म्हणून."

मी वाटाणे घालून भात केला. तिनं चार घास खाल्ले आणि मीठ कमी आहे म्हणाली. मीठ बरोबर होतं. दोन वाजता मी तिला उजव्या कुशीवर वळवलं, गुडघ्यांच्या मध्ये उशी दिली, टाचा बघितल्या. चार वाजता पुन्हा कूस बदलायला गेलो, तेव्हा ती गेलेली होती. अंग अजून गरम होतं. तरी मी तिला दुसऱ्या कुशीवर वळवलं. वेळ झाली होती म्हणून वळवलं, दुसरं काही डोक्यात आलं नाही.

आता नव्या मुंबईत जिकडं तिकडं पाट्या दिसतात. घरपोच नर्स, घरपोच आया, चोवीस तास. गळ्यात ओळखपत्र घालून पोरी इमारतीत जातात. चांगलं आहे, मी नावं ठेवत नाही. पण लोकांना वाटतं हे काल-परवा निघालं. तसं नाही. आमच्या शिरवण्याच्या खोलीत हे नव्वदीतच चालू होतं, आणि त्याच्याही आधी कुठं चालू होतं ते मला माझ्या बायकोनं अंथरुणात पडल्या पडल्या सांगितलं. म्हणून लिहितो. चौथीपर्यंत शिकलोय, तेव्हा जसं येईल तसं.

आम्ही सातारकडचे. मी माथाडी, आधी मुंबईत, मग मार्केट हललं तसा तुर्भ्याला. धान्याची पोती पाठीवर घ्यायची, गाडीतून गोदामात आणि गोदामातून गाडीत. आम्हाला मूलबाळ नाही. शिरवणे गावात एका आगरी मालकाच्या घरात तळमजल्याची खोली भाड्यानं घेतली होती. एका सकाळी नळावर भांडी घासताना ती बसल्या जागी कलंडली. वीस दिवस इस्पितळात काढले. मग डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, इथं ठेवून आणखी काही होणार नाही. वाचा शाबूत होती. डावा हात नि डावा पाय मात्र परक्याचा असल्यासारखा पडून असायचा.

घरी आणली त्याच दिवशी माझा मेव्हणा आणि त्याची बायको आले. मेव्हणा माझ्याच मार्केटात, मिरचीच्या गाळ्यावर. त्याच्या बायकोला आमची ही वैनी म्हणायची, म्हणून मीही वैनीच म्हणतो. वैनी तोंडाची फटकळ, पण खोटं बोलत नाही. ती खोलीभर नजर फिरवून म्हणाली, "दाजी, तुमाला चहा करता येतो का?"

"येतो."

"चहा येतो म्हंजी बाईमाणसाचं हागणंमुतणं काढता येतंय असं न्हाई. पुरुषाच्या हातात बाईची पाठ सडती. मी बघितलंय. गावाकडं आमच्या घरी धाकटी जाऊ हाय, पोरी हायत. तिकडं पाठवू."

ही अंथरुणातनं म्हणाली, "मी न्हाई जायाची."

"का वं वन्सं?"

"त्या घरातनं लगीन करून निघाले, आता तिथंच लोकाला पाठ धुवायला लावू व्हय? माझं घर हे हाय."

वैनी माझ्याकडं वळली. "मग ऐका. ह्यांच्या पाठीला एक जखम दिसली, एक, की मी गाडी करून त्यांना गावी नेणार. मंग मला अडवायचं न्हाई."

मी म्हणालो, "दिसली तर ने." मी मर्दासारखं बोलून गेलो, पण जखम कशानं होते तेच मला माहीत नव्हतं.

ते सांगितलं सिस्टरनं. एका संस्थेचा दवाखाना होता, तिथली ही सिस्टर मंगळवारी आणि शुक्रवारी घरोघर फिरायची. खांद्याला पिशवी, पायात रबरी चपला. ही शिरवण्याचीच मुलगी. तिच्या घरची भातशेती नव्या शहरात गेली होती, बाप आता खोल्या भाड्यानं देत होता, आणि ही शिकून नर्स झाली होती. वयानं माझ्या निम्मी असेल, पण मला ओरडायला तिनं पहिल्या दिवशीही मागंपुढं पाहिलं नाही.

तिनं आल्या आल्या चादरीवरनं तळहात फिरवला. "बाबा, या सुरकुत्या कोन काढनार? माणूस हलत नाय तेव्हा एक सुरकुती पन कापते. भाकरीचा चुरा पन कापतो."

मग तिनं समजावलं. माणूस एकाच अंगावर पडून राहिला की हाडाखालचं मांस दबतं, रक्त फिरत नाही, मांस मरतं. दर दोन तासांनी कूस बदलायची. डावी, पाठ, उजवी. दिवसाही आणि रात्रीही.

मी म्हणालो, "म्हणजे थप्पीतलं खालचं पोतं."

"काय?"

मी तिला सांगितलं. गोदामात पोत्यांची थप्पी लावतात. खालच्या पोत्यावर सगळा भार, खाली ओल. तसंच ठेवलं तर धान्य आतनं कुजतं, बाहेरनं कळतही नाही. म्हणून थप्पी पलटावी लागते, खालचं पोतं वर आणि वरचं खाली.

सिस्टर हसली नाही. म्हणाली, "बरोबर. तुमाला समजलं, आता विसरू नका."

मी विसरलो नाही. गजराचं घड्याळ आणलं. मुकादमाला सांगून काम सोडलं, तसंही दोन-तीन वर्षांत सोडावंच लागणार होतं. कूस बदलायला मी कधी चुकलो नाही. चूक दुसरीकडं झाली, आणि ती हमालच करील अशी चूक होती.

गादीवर टेकून बसवली की ती हळूहळू खाली घसरायची. मग तिला वर सरकवायला लागायचं. आम्ही पोतं कसं सरकवतो? दोन कोपरे धरायचे, त्याला पोत्याचे कान म्हणतात, पाय रोवायचा आणि एका झटक्यात ओढायचं. तीस वर्षं तेच केलं. तसं मी हिच्या काखेत हात घालायचो आणि सर्रकन वर ओढायचो. मला वाटायचं, काय सफाईनं करतोय! ती म्हणायची, "हळू वं, मी काय ज्वारी हाय?" मी हसण्यावारी न्यायचो.

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी सिस्टरनं तिला कुशीवर केलं आणि वाकून बघितलं. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. सिस्टरनं त्यावर अंगठा दाबला, उचलला. "बघा बाबा. दाबल्यावर पांढरं पडून परत लाल झालं असतं तर रक्त चालू हाय असं समजायचं. हे तसंच लाल राहिलं. आतनं मरायला लागलंय."

"पण मी कूस तर बदलतो. घड्याळ लावून बदलतो."

"वर कसं सरकवता? करून दाखवा."

मी काखेत हात घातले आणि ओढणार इतक्यात तिनं माझं मनगट धरलं. "ओढता? बाबा, हाड वर जातं नि कातडी गादीला चिकटून खाली राहते. आतल्या आत फाटते. माणसाला ओढायचं नाय. उचलायचं."

"मी एकटा उचलू कसा? मधनं वाकते ती."

सिस्टर तोंड उघडणार होती, पण मला एकदम मार्केट आठवलं. पोतं फुटलेलं असलं तर आम्ही कधी ओढत नाही. ओढलं की धान्य सांडतं. फुटक्या पोत्याखाली रिकामं बारदान सारायचं, आणि बारदानाच्या दोन्ही कडा धरून सगळंच उचलून ठेवायचं. मी जुनी चादर घेतली, चौघडी करून तिच्या पाठीपासून मांडीपर्यंत खाली सारली. पलीकडच्या बाजूला घरमालकिणीला बोलावलं. खिडकीच्या गजाला मी आपला पोती बांधायचा दोर बांधला आणि त्याचं टोक हिच्या उजव्या हातात दिलं. म्हटलं, मी सांगितलं की तूही जोर लाव. "एक, दोन, हं!" आणि ती पिसासारखी वर गेली. चादरीसकट. कातडीला काही लागलं नाही.

सिस्टर बघत राहिली. "बाबा, हे आमाला शिकवतात. चादर खाली घालून उचलायचं. पुस्तकात चित्र हाय. तुमाला कोनी शिकवलं?"

"फुटक्या पोत्यानं."

ही खुदकन हसली. "बघा, शेवटी मी पोतंच. आन तेबी फुटकं."

पण डाग होताच. सिस्टर म्हणाली शुक्रवारपर्यंत पाठीवर अजिबात टेकवायचं नाही, फक्त डावी आणि उजवी कूस. दाबून बघितल्यावर पांढरं पडायला लागलं तर वाचलो. नाही तर जखम होणार.

बुधवारी वैनी आली. मला लपवता आलं असतं, हिला लुगडं नीट नेसवलेलं होतं. पण मला लपवालपवी जमत नाही. मी म्हणालो, "वैनी, डाग पडलाय. माझ्या हातनं पडलाय. मी ओढत होतो."

वैनीनं बघितलं. उठली, पदर खोचला. "मी सांगितलं हुतं. उद्या गाडी सांगते."

ही म्हणाली, "वैनी, शुक्रवारपातुर थांब. सिस्टर बघंल. तिनं जखम झाली म्हटलं तर मी आपणहून गाडीत बसते."

"बसताय कशा? तुमाला बसवायला बी चार माणसं लागत्यात," वैनी म्हणाली, पण डोळे पुसत म्हणाली. शुक्रवारी येते म्हणून गेली.

एवढे लांब दोन दिवस मी कधी काढले नव्हते. मी तिच्याशेजारीच बसून होतो. तेव्हा तिनं मला माझ्या आईचं सांगितलं.

माझी आई गावाकडं चौदा महिने अंथरुणात होती. मी मुंबईत एकटा होतो, ही तेव्हा गावीच. पैसे पाठवायचो, दोनदा जाऊन आलो. आई गेली तेव्हा मला वाटलं, म्हातारी शांतपणे गेली. त्या चौदा महिन्यांत तिला कोणी धुतलं, कोणी वळवलं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

ही भिंतीकडं तोंड करून बोलत होती, कारण त्या कुशीची पाळी होती. "सासूबाईंच्या खाली मी जुनं लुगडं घालायची, सात-आठ येळा धुतलेलं, मऊ. सावरीच्या कापसाची उशी, साधा कापूस गरम हुतो. टाचा खाली टेकू द्यायच्या न्हाईत. अंग पुसलं की कोरडं करायचं, मग खोबऱ्याचं त्याल, पण चोळायचं न्हाई, नुसतं लावायचं. रानात जायच्या आधी वळवायची, दुपारी येऊन वळवायची, मधी शेजारची येऊन वळवायची. मी तिच्या बाळंतपणात तिचं केलं हुतं."

"कोणी शिकवलं तुला?"

"माझ्या आज्जीचं माझी आई करायची, ते बघितलं. तिनं कुणाचं बघितलं असंल." मग म्हणाली, "तुमच्या आईच्या पाठीला शेवटपातुर कायबी झालं न्हाई. तुमी विचारलं न्हाई, म्हणून सांगितलं न्हाई."

माथाडी म्हणून मला मान होता, युनियनच्या मेळाव्यात आम्हाला हार घातले. हिला कोणी साधा गजरासुद्धा दिला नव्हता. मी उठलो, तिचं जुनं लुगडं काढलं, चादरीवर घातलं आणि टाचांखालून उशी काढून पोटऱ्यांखाली सारली. ती म्हणाली, "हां. आता बरोबर."

शुक्रवारी सिस्टर आली तेव्हा वैनी आधीच दारात बसलेली. गाडीवाल्याशी बोलून आली होती. सिस्टरनं हात धुतले, हिला कुशीवर केलं, खिडकीकडून उजेड घेतला. अंगठा दाबला. उचलला.

मधोमध पांढरा ठसा उमटला. आणि मग हळूहळू भरून आला.

"आलं," सिस्टर म्हणाली. "रक्त आलं. वाचलं."

वैनी उठून जवळ आली. "मला दाबू द्या." तिनं स्वतः दाबून बघितलं. दोनदा बघितलं. मग म्हणाली, "गाडीवाल्याला नको म्हणून सांगते." तेवढंच. माफी मागायची तिला सवय नाही आणि मला ऐकायची नाही.

मी सिस्टरला सावरीच्या उशीचं आणि आईचं सांगितलं. ती हिच्या उशाशी बसली. म्हणाली, "मावशी, माझी आजी या गावची सुईन. बाळंतिणीला चाळीस दिस बघायची, आन म्हातारी मानसं मरायला टेकली की त्यांना पन तीच पुसायची, वळवायची. घरातले म्हनायचे, हिला शिकून काय करायचं नर्सचं, आजी न शिकता करत होती. आमाला शिकवताना सांगितलं, की दवाखाने मोठे झाले ते मागनं. आधी आजारी मानूस घरीच असायचा, आन बघनारी बाई घरी यायची."

"मग मी बी सिस्टर हुते म्हणा की," ही म्हणाली.

"होतातच. पगार नव्हता एवढंच."

ही खूश झाली. त्या दिवसापासून कोणी भेटायला आलं की सांगायची, "मी रिटायर नर्स हाय. हे माझ्या हाताखाली शिकत्यात." आणि मी शिकत होतोच. सिस्टर एखाद्या घरी नवं सांगायला जाण्याआधी हिला विचारायची, मावशी, तुमी असं केलं होतं का? हिचं मत तयारच असायचं. कधी दोघींचं पटायचं नाही. मीठपाण्यावरनं एकदा तर अर्धा तास वाद झाला.

असं एक वर्ष सात महिने चाललं. खोलीत कधी वास आला नाही. कोणी आलं की आधी नाक फुगवून बघायचं, मग बसायचं, मला कळायचं. माझ्या टोळीतले, म्हणजे बरोबरीचे हमाल, म्हणायचे, पाठीवर पोती वाहिली, आता बायको वाहतो. मी म्हणायचो, वाहतो. पोत्यानं कधी मला मीठ कमी आहे म्हणून सांगितलं नाही.

आणि मग त्या दिवशी चार वाजले.

मेव्हणा आला, टोळी आली, घरमालक आला. बायकांनी आम्हा पुरुषांना बाहेर काढलं आणि आत तिला अंघोळ घातली. हिरवं लुगडं, हळदीकुंकू. अहेव गेली, भाग्याची, असं बायका म्हणत होत्या. मला त्याचं काही कौतुक नाही. नवऱ्याआधी मरण्यात बाईचं कसलं भाग्य? मी दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होतो आणि आतलं पाणी ओतल्याचं ऐकत होतो. मला एकच गोष्ट ऐकायची होती आणि विचारायची लाज वाटत होती.

वैनी ओले हात घेऊन बाहेर आली. माझ्याकडं नाही, मेव्हण्याकडं बघून बोलली, पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "पाठीला कायबी न्हाई. खरचटलेलं बी न्हाई. तान्ह्या लेकराच्या पाठीवानी हाय."

आतनं घरमालकीण म्हणाली, "आमी सगल्यांनी बघितली."

मी सरळ उभा राहिलो. तीस वर्षं माझी पाठ वाकलेली, पण त्या संध्याकाळी तिला खांदा देताना मी सरळ चाललो. रडलो ते नंतर, आणि ते माझं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात चूल पेटवायची नव्हती. घरमालकिणीनं भाकरी आणि पिठलं आणून ठेवलं. मेव्हणा आणि वैनी थांबले होते. तिची गादी काढून टाकल्यामुळं खोली मोठी दिसत होती. आठच्या सुमाराला माझ्या टोळीतला जुईनगरचा एक जोडीदार भेटायला आला. माझ्याच वयाचा, माझ्याहून धिप्पाड. कोपऱ्यात बसला, पाणी प्याला. जायला उठला आणि दारात अडखळला.

"ही येळ न्हवं," म्हणाला, "पर बाप पडलाय घरी. महिना झाला. पाठ फुटलीया. तुझं काल ऐकलं. कसं केलंस रं?"

"वर कसा घेतोस त्याला?"

"काखेत हात घालून. वढतो."

मी उठलो. वैनी लगेच म्हणाली, "दाजी, सुतक हाय. त्यांच्या घरी जायाचं न्हाई."

"जात नाही," मी म्हणालो. "ए, तू झोप इथं."

"मी?"

"मग तुझा बाप आणणार आहेस का? झोप खाली."

"आन सुतकाचं? तुमी शिवणार," वैनी म्हणाली.

जोडीदार टोपी काढत म्हणाला, "घरी जाऊन अंघोळ करीन की, वैनी." आणि तो गडी फरशीवर आडवा झाला. मी एक चादर चौघडी केली.

"अंग ढिलं सोड. गुडघा तू नको वाकवू, तुझ्या बापाला वाकवता येतो का? मी वाकवतो. संध्याकाळी सिस्टरला तुझ्याकडं धाडतो, जखम ती बघंल. पण ओढणं आजपासून बंद." मी त्याला कुशीवर केला, चादर खाली सारली, परत पाठीवर आणला. वजन नव्वद किलोच्या वर असणार. एकट्याचं काम नव्हतं.

"वैनी, पलीकडनं धर."

तिनं मेव्हण्याकडं बघितलं. मेव्हण्यानं सरकून जागा करून दिली. मग तिनं पदर खोचला, गुडघे टेकले आणि चादरीची पलीकडची कड दोन्ही मुठींत घट्ट धरली.